किल्ल्यासाठी आणलेले पाणी

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कानाझावा शहराच्या मधोमध एक लांबट टेकाड आहे. त्याच्या उत्तरेला असानो नदी, दक्षिणेला साई नदी आणि टोकावर किल्ला. शत्रूला अडवायला जागा उत्तम. पण दोन्ही नद्या खाली आणि वस्ती वर, त्यामुळे किल्ल्यात पाण्याची चणचण. १६३१ साली गावात लागलेली आग चढत चढत किल्ल्यापर्यंत पोचली आणि आतले वाडे जळून गेले, तेव्हा ही उणीव किती महागात पडते ते तिथल्या माएदा घराण्याला कळले. आज कानाझावाला जाणारा जो तो केनरोकुएन उद्यान पाहतो आणि ओमिचो बाजारात मासे खातो. त्या उद्यानाचा इतिहास या आगीपासून सांगायला हवा.

माएदा इथे आले १५८३ मध्ये. त्याआधी जवळजवळ शतकभर हा कागा प्रांत कुठल्याच सरदाराला जुमानत नव्हता. इक्को पंथाच्या शेतकऱ्यांनी, भिक्षूंनी आणि छोट्या जमीनदारांनी मिळून १४८८ मध्ये तिथल्या सुभेदाराला उलथवले आणि स्वतःचा कारभार सुरू केला. बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाच्या फौजेने १५८० मध्ये तो मोडून काढला. आजचा किल्ला इक्को पंथाच्या मठाच्याच जागेवर उभा आहे. नोबुनागाच्या हाताखाली वाढलेल्या माएदा तोशिइएने तिथे ठाण मांडले आणि पुढच्या पिढीपर्यंत या घराण्याचा मुलूख दहा लाख कोकूंच्या वर गेला. एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाची वर्षाची बेगमी. राज्यकर्त्या तोकुगावा घराण्याखालोखाल एवढा महसूल जपानात दुसऱ्या कोणाचाच नव्हता.

एवढी श्रीमंती म्हणजे सतत संशय. १६०० मध्ये तोशिइएची विधवा मात्सु तोकुगावांकडे ओलीस म्हणून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेली आणि चौदा वर्षे तिथेच राहिली. आगीनंतर किल्ल्याची उभारणी सुरू झाली, तर माएदा बंडाची तयारी करताहेत अशी कुजबुज झाली आणि तिसरा अधिपती तोशित्सुने याला खुलासा द्यायला एदो गाठावे लागले. दरबाराने आपल्याला बावळट समजावे म्हणून तो नाकातले केस वाढवून वावरत असे, अशी दंतकथा लोक अजून सांगतात. दंतकथा खरी असो वा नसो, घराण्याचे धोरण मात्र स्पष्ट दिसते. पैसा तलवारीवर खर्च केला तर घराणे बुडणार, म्हणून तो हुन्नरावर खर्च झाला. किल्ल्यातला शस्त्रे दुरुस्त करणारा कारखाना लाखकाम आणि धातूकामाकडे वळला. पाचवा अधिपती त्सुनानोरी याने देशभरच्या कारागिरीचे नमुने जमवले: कागद, कातडे, लाखेचे रंग, खिळ्यांवरच्या धातूच्या टोप्या. वर्गवारी करून पेट्यांत लावलेला तो संग्रह आजही जपलेला आहे.

पाण्याचा प्रश्न १६३२ मध्ये सुटला. काम सोपवले गेले कोमात्सु गावच्या इताया ह्योशिरो नावाच्या एका सामान्य नागरिकावर. त्याने साई नदीच्या वरच्या अंगाला पाणी वळवून घेतले आणि सुमारे ११ किलोमीटरचा कालवा खणून ते टेकाडाच्या माथ्यावर आणले. त्यातला मोठा भाग डोंगराच्या पोटातून बोगद्याने जातो. खरी करामत शेवटच्या टप्प्यात होती. माथा आणि किल्ला यांच्यामध्ये खोल खंदक होता. ह्योशिरोने पाणी बंद नळांतून खाली सोडले आणि ते आपल्याच दाबाने पलीकडे पुन्हा वर चढले. नळ आधी लाकडी होते, पुढे दगडी झाले. एवढे सारे काम वर्षभरात उरकले. तात्सुमी कालवा म्हणून तो आजही वाहता आहे आणि केनरोकुएनमधले ओढे, तळी, धबधबा याच पाण्यावर चालतात.

१६७६ मध्ये त्सुनानोरीने किल्ल्यासमोरच्या उतारावर एक विश्रांतिगृह आणि बाग केली. १७५९ च्या आगीत शहरातली दहा हजारांवर घरे जळाली, त्यात ही बागही गेली. पंधरा वर्षांनी, १७७४ मध्ये, अकराव्या अधिपतीने ती पुन्हा उभी केली. हिरव्या गर्द झाडीतला मिदोरी धबधबा आणि तळ्याच्या काठचे युगाओतेई चहागृह तेव्हाचे. १८२२ मध्ये बागेला आजचे नाव मिळाले, ‘सहा गुण एकत्र असलेली बाग’ या अर्थाचे. नामांकित बागेच्या अंगी असावेत असे सहा गुण चीनमधल्या सोंग काळातल्या एका ग्रंथात सांगितले आहेत: विस्तार, एकांत, मानवी कौशल्य, प्राचीनता, वाहते पाणी आणि दूरवरचा देखावा. हे सगळे एका जागी सापडत नाहीत, असेही तो ग्रंथ म्हणतो. पाणी खोलगट जागी असते आणि देखावा उंचावरून दिसतो, मग दोन्ही एकत्र कसे यावेत? इथे ते आले, कारण या नावाच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी आगीच्या धास्तीने कोणीतरी पाणी डोंगरावर चढवून ठेवले होते.

तेरावा अधिपती नारियासु याने आपल्या वडिलांचा बागेतला वाडा काढून टाकला, कासुमिगाइके हे मुख्य तळे रुंदावले आणि बिवा सरोवराकाठच्या कारासाकीहून पाइनचे बी आणून रुजवले. ते झाड आज तळ्यावर अवाढव्य पसरले आहे. तळ्याच्या खालच्या बाजूला एकोणिसाव्या शतकातले कारंजे आहे. त्याला पंप नाही. वरच्या तळ्याच्या पातळीएवढे उडायचे, एवढेच त्याला ठाऊक. तळ्यातले पाणी कमीजास्त झाले की त्याची उंचीही बदलते. दिखाऊपणा टाळून निसर्गनियमाला कामाला लावणारी ही बुद्धी केनरोकुएनची खरी शोभा आहे, कोतोजी या दोन पायांच्या प्रसिद्ध दगडी दिव्यापेक्षाही जास्त.

१८७४ मध्ये ही सरदारी बाग सर्वांसाठी खुली झाली. मितोचे काइराकुएन आणि ओकायामाचे कोराकुएन ही तिची दोन भावंडे. तिघींना मिळून जपानच्या तीन थोर बागा म्हणतात. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान यातल्याच कोराकुएनच्या धर्तीवर केलेले आहे, त्यामुळे पुणेकरांना बागांच्या या घराण्याची ओळख आहेच.

केनरोकुएन बहरते वसंतात, पण तिचा कस लागतो हिवाळ्यात. सैबेरियाकडून येणारा वारा समुद्रावरची वाफ घेऊन इथल्या डोंगरांवर आदळतो. मग पाऊस, गारा, ओले जड बर्फ. डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका, असे इथले लोक सांगतात. या बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून दरवर्षी १ नोव्हेंबरपासून माळी झाडांना दोर बांधू लागतात. झाडाशेजारी उंच बांबू उभा करायचा आणि त्याच्या टोकापासून एकेका फांदीला दोर द्यायचा. पहिला मान कारासाकी पाइनचा.

हेच बर्फ जेवणातही उतरले आहे. माएदांच्या काळात हिवाळ्यातले बर्फ जमिनीतल्या खोलीत दाबून ठेवत आणि भर उन्हाळ्यात सुमारे ४८० किलोमीटर दूर एदोला तोकुगावा शोगुनकडे नजराणा म्हणून पाठवत. ते वितळायच्या आत पोचावे म्हणून देवाला वाहिलेल्या मांजूंची, म्हणजे वाफवलेल्या गोड पुरणाच्या बनांची, प्रथा अजून टिकून आहे. दर १ जुलैला कानाझावात घरोघर हिमुरो मांजू खातात आणि लेकीच्या सासरीही धाडतात.

सासरी धाडायचा आणखी एक मान माशाचा. डिसेंबरात समुद्रावर विजा कडाडू लागल्या की बुरी नावाचा मोठा, चरबीदार मासा नोतो द्वीपकल्पाजवळ आल्याची ती वर्दी समजतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी माहेरचे लोक अख्खा बुरी जावयाच्या घरी पाठवतात. याच माशाचे खारवलेले काप जाड सलगमाच्या चकत्यांत भरून, बुरशी चढवलेल्या भातात, म्हणजे कोजीत, आंबवून काबुराझुशी करतात. आंबटगोड, कुरकुरीत आणि वासाने जरा उग्र असा हा नववर्षाचा पदार्थ आहे. ओल्या, काळोख्या हिवाळ्यात अन्न टिकवायचे तर आंबवणे भागच, आणि त्या गरजेतून केवढी चव निघाली!

सामुराईंच्या पंगतीचे पदार्थ वेगळे. जिबुनीत बदकाच्या कापांना पीठ लावून सोया सॉसच्या रश्शात शिजवतात. पिठाने रस्सा दाट होतो, मांसातला ओलावा आत राहतो, आणि वर वासाबीची छोटी गोळी. लग्नात ताई माशांची जोडी सोयाबीनच्या चोथ्याचे सारण भरून वाफवतात. ते मासे पाठीकडून चिरतात. पोट फाडणे म्हणजे सामुराईंचे आत्मबलिदान, आणि मंगल कार्यात त्याची आठवणही नको.

भाजीपाल्याबाबत शहराने जाणीवपूर्वक पावले उचलली. १९४५ पूर्वीपासून पिकणाऱ्या पंधरा भाज्यांना ‘कागा भाज्या’ म्हणून मान्यता दिली: जाडजूड काकडी, गोरोजिमाचे रताळे, पिठूळ कमळकाकडी, गेनसुके मुळा. बाजारात संकरित वाणांची गर्दी झाल्यावर हे वाण नाहीसे होण्याच्या वाटेवर होते. इमारतींबाबतही तसेच. दुसऱ्या महायुद्धात कानाझावावर बॉम्ब पडले नाहीत, पण नंतरच्या बांधकामाच्या लाटेत जुनी घरे वाचली असतीच असे नाही. १९६८ मध्ये शहराने आपला पारंपरिक परिसर जपणारा नियम केला. जपानात असा नियम करणारे ते पहिले शहर. आपल्याकडच्या नगरपालिकांनी यातले निदान एवढे तरी उचलावे.

२०१५ मध्ये शिनकानसेन कानाझावापर्यंत आली आणि टोकियो अडीच तासांवर आले. तेव्हापासून ओमिचोत पर्यटकांची रांग असते आणि सोन्याचा वर्ख लावलेले आइस्क्रीम सर्वत्र विकले जाते. जपानातला जवळजवळ सगळा वर्ख इथेच होतो हे खरे, पण त्याला चव नसते. कानाझावाला जाणाऱ्या मराठी माणसाने पैसे राखून ठेवावेत ते जिबुनीच्या वाटीसाठी आणि, मासे खात असल्यास, काबुराझुशीच्या एका चकतीसाठी. त्यासाठी डिसेंबर-जानेवारीची थंडी सोसावी लागेल, ती सोसावी. आणि केनरोकुएन पाहून झाल्यावर लगेच गाडी पकडू नये. टेकाडावरून वरच्या अंगाला तात्सुमी कालव्याच्या काठाने पायवाट आहे. अर्धा दिवस काढून ती जरूर चालावी.