आग्र्याचें लाल थडगें व शिंद्यांच्या पलटणी

आग्र्यास जाणारे आपलेकडील प्रवासी ताजमहाल पाहून परततात. तेथील रोमन कॅथॉलिक दफनभूमींत त्याच धर्तीचें, तांबड्या दगडाचें एक लहान घुमटदार थडगें आहे. तिकडे फारसें कोणी फिरकत नाहीं. लोक त्यास ‘लाल ताज’ म्हणतात. या नांवानें इमारतीची ओळख पटते, आंत पुरलेल्या माणसाची पटत नाहीं. वस्तुतः हें थडगें मराठ्यांच्या इतिहासाचें एक साधन आहे.

तें कर्नल जॉन विल्यम हेसिंग याचें. हा मूळचा डच. प्रथम सिलोनांत डच कंपनीच्या चाकरीस होता. इ. स. १७८४ चे सुमारास तो महादजी शिंद्यांच्या पदरीं आला व डी बॉयनच्या कवायती पलटणींत लढला. पुढें डी बॉयनशीं न पटल्यामुळें त्यानें ती जागा सोडली; तरी महादजींनीं त्यास अंतर दिलें नाहीं. १७९२ त महादजी पुण्यास आले, तेव्हां त्यांच्या खास पलटणीचें आधिपत्य हेसिंगकडे होतें. अखेरीस दौलतरावांच्या कारकीर्दींत आग्र्याचा किल्ला त्याजकडे आला. तेथेंच २१ जुलै १८०३ रोजीं तो वारला. त्याच्या पत्नीनें व मुलांनीं हें स्मारक उभारलें. वरील लेख इंग्रजींत आहे. परंतु धनी म्हणून त्यांत नांव आहे तें दौलतराव शिंद्यांचें.

तीन महिन्यांच्या आंत, १८ ऑक्टोबरला, किल्ला जनरल लेकच्या हातीं पडला. १ नोव्हेंबरला अलवारनजीक लासवारी येथें शिंद्यांच्या उत्तरेंतील उरलेल्या पलटणी लढल्या. बहुतेक गोरे अंमलदार तत्पूर्वींच चाकरी सोडून गेले होते. जागा सोडली नाहीं ती देशी शिपायांनीं व गोलंदाजांनीं. त्यांच्या शौर्याची तारीफ खुद्द लेकनें आपल्या पत्रांत केली आहे. त्यांच्यावर मात्र कोणी घुमट बांधला नाहीं.

ज्यांच्या देहाचें दहन झालें, त्यांचें थडगें कोठून असणार? त्यांचीं नांवें असलींच तर हजिऱ्यांत, तैनातजाबत्यांत व पगाराच्या यादींत असतील. आपण संग्राहक शिक्कामोर्तबाचीं पत्रें जपतों आणि असले कागद ‘नुसते हिशेबी’ म्हणून बाजूस टाकतों. यापुढें एखाद्या दप्तरांत शिपायांच्या नांवनिशीची यादी आढळल्यास तिची नक्कल अवश्य करून ठेवावी. त्या माणसांचा लेख खोदलेला दगड तोच.