मुदखेडहून विद्यापीठाकडे : नांदेड विद्यापीठाची पूर्वपीठिका

विद्यापीठाचा इतिहास त्याच्या कायद्यापासून सांगण्याची प्रथा आहे. तथापि पदवीसाठी विद्यार्थ्यास कोणत्या दिशेने जावे लागे, हा प्रश्न अधिक उद्बोधक होय. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील मुदखेड जंक्शन हे त्यासाठी सोयीचे निरीक्षणस्थान आहे.

निजामी राजवटीत येथील विद्यार्थ्याची वाट उमरी, धर्माबाद, निजामाबादवरून हैदराबादकडे जाई. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो थोर प्रयोग खरा. परंतु ती भाषा उर्दू असल्याने मराठी मुलास अंतराबरोबरच भाषाही ओलांडावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ही स्थिती पालटू लागली. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी तत्कालीन औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. मुदखेडचा विद्यार्थी आता त्याच रुळावरून उलट दिशेस, पूर्णा-परभणी-जालना मार्गे जाऊ लागला. भाषेचा अडसर सरला. अंतर मात्र फारसे घटले नाही.

ते घटले १७ सप्टेंबर १९९४ रोजी. मूळ विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेड, लातूर व परभणी (आजच्या हिंगोलीसह) यांसाठी नांदेडजवळ विष्णुपुरी येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. मुक्तिसंग्रामाच्या सेनानीचे नाव व मुक्तिदिनाची तिथी यांचा हा योग अर्थपूर्ण आहे.

अशा विभाजनास इंग्लंडमध्येही पूर्वोदाहरण आहे. १८८० च्या व्हिक्टोरिया विद्यापीठात मँचेस्टर, लिव्हरपूल व लीड्स येथील महाविद्यालये एकत्र होती. १९०३-०४ मध्ये ती स्वतंत्र विद्यापीठे झाली. परंतु भेद ध्यानात घेतला पाहिजे. तेथे अध्यापन व संशोधन करणारी महाविद्यालयेच वाढून विद्यापीठे झाली. आपल्याकडे १८५७ पासून लंडनच्या धर्तीवर परीक्षा व संलग्नता यांचीच चौकट प्रथम आली. संशोधन विभाग मागाहून आले. नांदेडनेही तीच चौकट वारशाने घेतली.

म्हणून विभाजनाने मुदखेडच्या विद्यार्थ्याचे परीक्षा व प्रमाणपत्र यांपासूनचे अंतर मिटले, एवढेच निश्चित म्हणता येते. ज्ञाननिर्मितीपासूनचे अंतर कोणताही कायदा मिटवू शकत नाही. ते विभागांनी व संशोधकांनीच कापावयाचे असते. त्या प्रवासाची नोंद ठेवणे, हेही आपल्या इतिहासाभ्यासाचे कर्तव्य होय.