मुक्ती मिशन, केडगाव

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात, पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८–५ एप्रिल १९२२) यांनी उभारलेली ख्रिस्ती स्त्रीसंस्था. विधवा, टाकलेल्या स्त्रिया, दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली आणि अंध यांना आसरा, शिक्षण व काम देणे हा तिचा हेतू. संस्था कोणत्याही एका चर्चपंथाच्या ताब्यात नव्हती आणि तिची सूत्रे एका भारतीय बाईच्या हातात होती. त्या काळच्या मिशन-जगात ही गोष्ट विरळाच होती.

मराठी समाजाला रमाबाई माहीत असतात त्या मुख्यतः १८९३ पर्यंतच्या. कलकत्त्याच्या पंडितांनी गौरविलेली विदुषी, ‘स्त्रीधर्मनीति’ची लेखिका, आर्य महिला समाजाची संस्थापक आणि शेवटी शारदासदनाच्या वादात सापडलेली धर्मांतरित बाई, इथे त्यांची गोष्ट बहुतेक पुस्तकांत आटोपते. त्यानंतरची सुमारे पाव शतकाची केडगावची कारकीर्द एका परिच्छेदात उरकली जाते. वास्तविक रमाबाईंना ख्रिस्ताचे शिष्यत्व म्हणजे काय कळले होते, हे पाहायचे तर वादाच्या कागदपत्रांपेक्षा केडगावचा दिनक्रम अधिक बोलका आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत असताना लिहिलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकामुळे उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या स्थितीची तिकडे चर्चा झाली, आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे पत्करले. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई (नंतरच्या बाया कर्वे) या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, जातीचे आचार ज्यांना पाळायचे त्यांना पाळू द्यायचे, असे ठरले होते. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे येऊन बसत. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आपली श्रद्धा लपवायची नाही हा रमाबाईंचा हट्ट होता. धर्मांतराच्या हेतूने हे चालले आहे हा विरोधकांचा संशयही अगदीच निराधार नव्हता, कारण पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाच.

अमेरिकेची दहा वर्षांची हमी संपत आल्यावर पुढे काय, या चिंतेतून केडगावची जमीन घेतली गेली. सुमारे शंभर एकर माळरान, त्यात विहिरी खणायच्या, फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा हिशेब होता. त्याच सुमारास रमाबाईंनी जॉर्ज म्युलर, हडसन टेलर व जॉन पेटन यांची चरित्रे वाचली. कुणापुढे हात न पसरता, देवावर भार टाकून मोठी कामे उभी करणारी ही माणसे होती. भारतात असे का होऊ नये, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला.

उत्तर बागेने दिले नाही, दुष्काळाने दिले. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण त्यांच्या तरुणपणीच्या दुष्काळात उपासमारीने गेली होती. तीर्थयात्रेत, पुराण सांगून पोट भरणाऱ्या त्या कुटुंबाला मजुरीचे काम येत नव्हते आणि भीक मागवत नव्हती. त्यामुळे मध्य प्रांताच्या वार्ता त्यांना घरी बसून ऐकवेनात. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी मदतछावण्यांत आणि रस्त्यांवर तरुण मुलींना पळवणारे, विकत घेणारे लोक टपलेले त्यांनी पाहिले, आणि जितक्या मुली आणता येतील तितक्या आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग; नगरपालिकेची नव्या मुलींना तिथे ठेवू देण्याची तयारी नव्हती. मग या मुलींचा मुक्काम केडगावच्या माळावर तंबूंत आणि कच्च्या छपरांखाली पडला. १८९८ मध्ये पक्क्या इमारतींचे ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या आणि वस्ती सुमारे २,००० पर्यंत गेली. प्लेगच्या बंदोबस्तात पुण्याच्या रुग्णालयात एका मुलीच्या वाट्याला आलेल्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी याच काळात वृत्तपत्राला पत्र लिहिले आणि प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोचले. धर्मांतराने त्यांना सरकारधार्जिणे केले, हा आरोप या पत्रापुढे टिकत नाही.

एवढ्या मुलींना बसवून खाऊ घालणे शक्य नव्हते आणि रमाबाईंना ते मान्यही नव्हते. केडगावात दिवस प्रार्थनेने सुरू होई, मग शाळा आणि काम. हातमाग, शिवण, तेलाची घाणी, दूधदुभते, भांड्यांना कल्हई, धुणे, शेतीतील कामे आणि छापखाना अशा शाखा होत्या. यांत घाणी, कल्हई, धुणे हे धंदे जातीजातींना वाटून दिलेले. इथे कोणतीही मुलगी कोणत्याही कामाला लागे. ब्राह्मण विधवा आणि दुष्काळी मुलखातून आलेली शेतमजुराची पोर एकाच विहिरीचे पाणी भरीत आणि एका रांगेत जेवीत. पुण्याच्या शारदासदनात जातवार स्वयंपाकाला मुभा देणाऱ्या बाईंनी दहा वर्षांत गाठलेला हा पल्ला आहे. समतेवर केलेल्या भाषणांपेक्षा पाटा-वरवंटा आणि पाणवठा यांनी तो गाठला, असे म्हणायला हरकत नाही. रमाबाई स्वतः जन्मभर शाकाहारी राहिल्या आणि साध्या पांढऱ्या सुती लुगड्यात वावरल्या. ख्रिस्ती होण्यासाठी साहेबी राहणी लागते, हे त्यांना कधी पटले नाही. उपासनेसाठी बांधलेल्या मोठ्या चर्चमध्येही बायका भारतीय बैठकीने जमिनीवर बसत.

मुक्तिसदनाच्या आवारात वेगवेगळ्या गरजांप्रमाणे शाखा निघाल्या. फसवल्या गेलेल्या किंवा कुमार्गाला लावल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन, अंधांसाठी बार्तिमी सदन. शेवटचे नाव बायबलमधल्या आंधळ्या बार्तिमयावरून घेतलेले. अंधांचे शिक्षण रमाबाईंची कन्या मनोरमा यांनी बसवले. अमेरिकेत शिकत असताना त्या ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या. या मुली वाचायला शिकल्या, वेताच्या वस्तू विणू लागल्या आणि त्यांच्यातल्या काही पुढे शिकवूही लागल्या.

१९०५ च्या जूनमध्ये इथे धार्मिक जागृतीची लाट आली. रमाबाईंनी आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाणाऱ्या मुली मागितल्या होत्या आणि त्यांच्या रोजच्या प्रार्थना चालू होत्या. त्या प्रार्थनांतून मोठमोठ्याने रडणे, पापे कबूल करणे, एकाच वेळी सर्वांनी प्रार्थना करणे असे प्रकार सुरू झाले. काही युरोपीय मिशनऱ्यांना हा गोंगाट वाटला. भारतीय माणसाला त्याच्या रीतीने देवापुढे मन मोकळे करू द्यावे, अशी रमाबाईंची भूमिका राहिली. कीर्तनात आणि वारीत माणसे कशी रडतात-नाचतात हे पुराणिकाच्या मुलीला कुणी सांगायला नको होते. केडगावच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर लिहिलेली इंग्रजी पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिली देशात पोचली आणि १९०९ मध्ये तिथे सुरू झालेल्या पेंटेकोस्टल चळवळीमागच्या प्रेरणांत तिची गणना होते. दौंड तालुक्यातल्या घटनेचे असे पडसाद समुद्रापलीकडे उमटले, तरी मराठीत त्यांची फारशी नोंद नाही.

छापखान्याचा सर्वांत मोठा उद्योग म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, अशी रमाबाईंची तक्रार होती. संस्कृतात निष्णात असलेल्या या बाईने पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि मूळ ग्रंथ मुळापासून सोप्या मराठीत आणण्याचे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत केले. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्तीच्या बायका करीत. काही वर्षांपूर्वी ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते, त्यांच्या हातून हा ग्रंथ साकारला. संपूर्ण बायबल छापून पूर्ण झाले ते १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर. वाङ्मयीन दृष्ट्या हे भाषांतर कधी कधी बोजड वाटते, कारण मूळ शब्दाशी इमान राखण्याच्या नादात वाक्य अडखळते. सोपेपणाचा हेतू सगळीकडे साधलेला नाही.

संस्थेच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. एवढा मोठा संसार एका व्यक्तीच्या अधिकारावर आणि श्रद्धेवर तोललेला होता. बाहेरच्या मराठी समाजाशी देवाणघेवाण जवळजवळ तुटली. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेला समाजात जी जागा मिळाली ती केडगावला मिळाली नाही, आणि याचा दोष एका बाजूवर टाकता येत नाही. मुक्तीत वाढलेल्या मुलीला ख्रिस्ती वातावरणाखेरीज दुसरे काही दिसत नव्हते, तेव्हा तिचा धर्मस्वीकार कितपत मोकळा होता, हा प्रश्नही उरतोच. रमाबाईंनी स्वतः वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी केलेला पत्रव्यवहार (१९७७ मध्ये प्रकाशित) वाचला की श्रद्धेच्या बाबतीत दुसऱ्याची हुकमत त्यांना किती असह्य होती, ते कळते. तेव्हा हा प्रश्न त्यांच्याच मापाने विचारणे योग्य ठरेल.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. मनोरमा संस्थेची पुढची धुरा वाहतील अशी अपेक्षा होती, पण २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या मिशन रुग्णालयात त्यांचे निधन झाले आणि वर्षाच्या आत रमाबाईही गेल्या. त्यानंतर कारभार सहकाऱ्यांकडे आला. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने संस्था आजही केडगावात निराधार स्त्रिया व मुलांसाठी काम करते. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये रमाबाईंच्या नावे तिकीट काढले, आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन आहे.