परसातलं उंच पिवळं फूल

सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेवर आमचं वळसंग. काळ्या रानाचं गाव, मराठी आणि कन्नड एकाच ओसरीवर बोलणारं. पिवळ्या फुलांची आम्हाला कधी नवलाई नव्हती. रब्बीच्या ज्वारीला करडईचे पट्टे असायचे, खरिपात कुणी कारळ्याच्या चार ओळी टाकायचं. मधल्या काळात सूर्यफूल आलं आणि गेलंही. त्यामुळं परसात न्हाणीच्या पाण्यावर पुरुषभर उंचीचं एक पिवळं झाड फुललं, तेव्हा घरातल्या प्रत्येकानं त्याला आपापल्या वयाप्रमाणं नाव दिलं.

अव्वा म्हणाली, "गुरेळ्ळूच हाय ह्ये. पानी मिळालंय, माजलंय." गुरेळ्ळू म्हणजे कारळा. काकांनी ऐन उमेदीत सूर्यफूल पेरलेलं, ते म्हणाले, "सूर्यकांतीच की! फूल दिसंना व्हय?" कॉलेजात जाणारी पुतणी म्हणाली, "डेझी आहे."

तिघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य होतं. ही सगळी एकाच कुळातली झाडं. या कुळाची खूण अशी, की आपण ज्याला एक फूल म्हणतो ते शेकडो बारक्या फुलांचं गाव असतं. मधल्या गोल चकतीतलं प्रत्येक टोक हे स्वतंत्र फूल, आणि कडेची पाकळीसुद्धा एक फूलच. कूळ कळलं, पण घर कळलं नव्हतं. मग मी एकेक नाव घेऊन झाडाशी ताडून बघायला लागलो.

कारळा आफ्रिकेतल्या इथिओपियाकडचा, पण आपल्याकडं फार जुना. त्याच्या फुलाला बहुधा आठ पाकळ्या, पान सरळ लांबट, बी काळंभोर चकचकीत, जिची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. परसातल्या फुलाच्या पाकळ्या दहा-बारा भरल्या, आणि फूल तळहाताएवढं. अव्वाचं नाव गळालं.

सूर्यफुलाच्या पिकाचं पान बदामासारखं, एका दांड्यावर एकच मोठं तोंड, आणि बी भरलं की झाड संपलं. आमचं झाड तीन वर्षं उभं होतं. उन्हाळ्यात वरून वाळायचं, पावसाला बुंध्यातून परत फुटायचं, दिवाळीच्या आसपास पिवळंधमक व्हायचं. शिवाय ते बियांतून आलंच नव्हतं. सोलापुरात कुणाच्या तरी बंगल्याच्या कुंपणाची फांदी काकांनीच आणून खोचली होती. सूर्यफुलाची फांदी अशी खोचून कुणी पीक घेतलेलं मी ऐकलं नाही.

उत्तर अमेरिकेतलं आणखी एक उंच पिवळं फूल असतं, हिंदीत त्याला हातीचोक म्हणतात. तेही वर्षानुवर्षं टिकतं, पण जमिनीत बटाट्यासारखे गड्डे धरतं. बुंध्याशी उकरलं. नुसत्या मुळ्या.

उरलेल्या खुणा पानात आणि देठात होत्या. पान पंजासारखं, तीन किंवा पाच बोटांचं. पण त्याच झाडावर काही पानं अखंडही. चुरगाळलं की कडवट वास. फुलाच्या लगेच खालचा देठ फुगलेला, कापला तर आतून पोकळ. वनस्पतीच्या पुस्तकातल्या वर्णनाशी हे सगळं तंतोतंत जुळलं. नाव निघालं टिथोनिया डायव्हर्सिफोलिया. दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'नाना तऱ्हेच्या पानांचं'. मूळ गाव मेक्सिको आणि मध्य अमेरिका. शोभेचं झाड म्हणून माणसांनी ते आशिया-आफ्रिकेत नेलं. आपल्याकडं बागवाले त्याला मेक्सिकन सूर्यफूल म्हणतात.

शेजारचे मामा म्हणाले, "नाव कळून काय मिळालं? फुलतंय तर फुलू दे की."

त्यांचं म्हणणं वरवर बरोबर होतं. पण या एका कुळानं आमच्या भागाला किती दिलं आणि किती नेलं, हे मामांनी स्वतःच्या रानात पाहिलं होतं.

करडई कोरड्या जमिनीत तग धरून तेल देत आली. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चाललंय, करडईचा 'भीमा' वाण इथलाच. सूर्यफूल मात्र बाहेरून आलं. मूळ अमेरिकेचं, तेलासाठी वाढवलं रशियानं, आणि १९६९ साली तिथल्या तेलाच्या जाती भारतात आल्या. १९८० साली बंगळूरचा बीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित वाण निघाला, १९८६ साली केंद्र सरकारनं तेलबियांचं अभियान सुरू केलं. त्या वर्षांत सोलापूर, लातूर, उस्मानाबादकडं रानंच्या रानं पिवळी झाली. तीन-साडेतीन महिन्यांत पैसा देणारं पीक. पोरं पहाटेपासून डबे बडवत राघू हाकायची.

मग ते ओसरलं. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली आणि पुढं बाहेरच्या स्वस्त तेलानं बाजार भरला. १९९७ साली कर्नाटकात सूर्यफुलावर एक नवा रोग दिसला आणि तो शेजारच्या राज्यांतही पसरला. शेंडा वाकडा व्हायचा, पानं करपायची, फूल भरायचंच नाही. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा विषाणू सापडला, आणि त्याचं बिऱ्हाडही. बिऱ्हाड गाजर गवतात होतं! गाजर गवत स्वतः आजारी दिसत नाही; त्याच्या परागाबरोबर विषाणू जातो, आणि फुलकिडे तो पराग सूर्यफुलाच्या पानावर नेतात.

गाजर गवत हेही याच कुळातलं, मेक्सिकोच्याच बाजूचं. १९५५-५६च्या सुमारास त्याची नोंद पुण्यात झाली. अमेरिकेच्या गव्हातून आलं असं लोक सांगतात, 'काँग्रेस' म्हणून त्याला शिव्याही देतात. पहिल्यांदा ते बांधावर उगवलं तेव्हा, जुनी माणसं सांगतात, बारीक पांढऱ्या फुलांचं ते गवत कुणाला वाईट वाटलं नाही. कुणी विचारलं नाही की तू कोण, कुठलं. विचारायची वेळ आली तेव्हा गावठाणापासून माळापर्यंत तेच होतं, आणि ते उपटणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटत होती.

मामांना एवढं सगळं बोलून दाखवलं. ते तंबाखू मळत म्हणाले, "मग आता काय, उपटायचं?"

इथं नाव कामाला आलं. टिथोनियाचा स्वभाव दोन्ही बाजूंनी नोंदवलेला आहे. आफ्रिकेत आणि आशियात काही ठिकाणी ते बागेतून निसटून रस्त्याच्या कडा आणि पडीक रानं व्यापून बसलंय. बी हलकं, पुष्कळ, आणि तोडलेली फांदीही ओलीत मूळ धरते. पण पश्चिम केनियातले छोटे शेतकरी हाच पाला कापून मक्याच्या रानात गाडतात. वाळल्या पाल्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास नत्र आणि चार टक्क्यांच्या आसपास पालाश भरतं. श्रीलंकेतही त्याचा हिरवळीचं खत म्हणून वापर होतो. आमच्या रानाला शेणखत पुरत नाही, हे सांगायला पुस्तक नको.

तेव्हा झाड राहिलं, पण अटीवर. फुलं सुकायला लागली की बी धरायच्या आत छाटणी करायची. कोवळा पाला थेट खताच्या खड्ड्यात. जाड फांद्या मात्र आधी उन्हात कडक वाळवायच्या. ओढ्याकडं काही टाकायचं नाही, आणि कुणी कुंपणाला फांदी मागितली तर ही सगळी हकिकत सांगितल्याशिवाय द्यायची नाही.

मामांनी मागच्या पावसाळ्यात मागितली. हकिकत ऐकून म्हणाले, "फांदी ऱ्हाऊ दे, पालाच दे दोन पाट्या." तेव्हापासून छाटणीला तेच विळा घेऊन येतात. अव्वा अजून त्याला गुरेळ्ळूच म्हणते.