गंजिफांचे चितारी

इ. स. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफांचा, म्हणजे खेळायच्या पत्त्यांचा, संच धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. शहाण्णव पानांची मोगली गंजिफा पाहिली, तर तीत ताज, शमशेर, गुलाम यांच्या पंगतीला बरात म्हणजे हुकूमनामा आणि किमाश म्हणजे कोठारातला माल असे रंग आढळतात. एका राज्याचे अवघे दफ्तर खेळणाऱ्याच्या मुठीत मावावे, अशी ती योजना होती. पुढे हिंदू संस्थानिकांच्या आश्रयाने या दरबारात दशावतार येऊन बसले : मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान व दहा साधी पाने, एकूण एकशेवीस. दिवसा डाव मांडल्यास रामाच्या राजाने आरंभ व्हावयाचा, रात्री मांडल्यास कृष्णाच्या. (एकाचा जन्म मध्यान्हीचा, दुसऱ्याचा मध्यरात्रीचा, यावर अधिक भाष्य नको.)

सावंतवाडीच्या चिताऱ्यांचा चरितार्थ ज्या कलांवर चाले, त्यांतील गंजिफा रंगविणे ही एक. जुन्या रीतीने कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने डकवून, खडूचा लेप देऊन, दगडाने घोटून वर्तुळाकार पाने कापीत. मग दर्शनी बाजूवर अवतार रंगवून पाठीवर लाखेची झिलई चढवीत. रसिक अवतारांची तारीफ करतात, परंतु माझ्या मते कारागिराची खरी कसोटी पाठीची होती. कारण एखाद्या पाठीवर निराळा ओरखडा राहिला, तर ते पान प्रतिपक्षाला ओळखू येई आणि सारा संच बाद ठरे. खेळणाऱ्यांइतका कठोर तपासनीस कोणत्याही कारखान्याला लाभला नसेल.

छापील बावन्न पाने स्वस्तात मिळू लागली आणि हा तपासनीस नाहीसा झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी, पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही विद्या समजावून घेऊन, राजवाड्यातच तिची कार्यशाळा उघडली नसती, तर ती त्याच पिढीबरोबर लयास जाती. आज संच विकले जातात ते बहुधा भेटवस्तू म्हणून किंवा भिंतीवरच्या चौकटीसाठी. विद्या वाचली, काही कुटुंबांची मीठभाकरही वाचली. डाव मात्र मोडला तो मोडलाच. सावंतवाडीहून संच आणणाऱ्यांना एवढीच विनंती, की तो चौकटीत जडविण्यापूर्वी चार माणसे जमवून एकदा तरी त्या पानांनी खेळावे.