गुरुवारची बैठक

१९३४ साली अमेरिकेतल्या लॉस एंजल्स शहरी विज्ञानकथांच्या वेड्यांनी एक मंडळ काढलं. बैठक दर गुरुवारी. पुढे ती क्लिफ्टनच्या खाणावळीत भरू लागली. खिसा रिकामा असला तरी तिथं पोटाला मिळे, ही मोठीच सोय!

१९३७ साली तिथं रे ब्रॅडबरी हा सतरा वर्षांचा मुलगा आला. घरची गरिबी, कॉलेज परवडणारं नव्हतं; पुढे चौकात उभा राहून तो वर्तमानपत्रं विकी. १९३८ च्या जानेवारीत त्याची पहिली गोष्ट छापली ती मंडळाच्या मासिकानं. गुरुजी, शाळेची हस्तलिखितं तुम्ही पाहताच. तशीच ती गोष्ट बेताची होती. तरी छापली. १९३९ मध्ये त्यानं स्वतःचं मासिक काढलं, तेव्हा पैसे मंडळातल्याच फॉरेस्ट ॲकरमन यांनी दिले.

मंडळाला स्वतःची वास्तू मात्र १९७३ साली मिळाली.