मार्टिनी-हेन्री कार्बाइनवरील खुणा

मार्टिनी-हेन्री कार्बाइन ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश घोडदळ व तोफखाना यांच्यासाठी बनवलेली, आखूड नळीची, एका वेळी एकच गोळी झाडणारी बंदूक आहे. तिच्या धातूवर आणि लाकडी दस्त्यावर ठोकलेल्या खुणांवरून तिची निर्मिती, मालकी व वापर यांचा माग काढता येतो. मात्र प्रत्येक खूण एका मर्यादित गोष्टीचाच पुरावा देते. खुणेतून जे सिद्ध होत नाही ते गृहीत धरल्यामुळे या बंदुकांविषयी अनेक चुकीच्या कथा रूढ झाल्या आहेत.

पार्श्वभूमी

ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल १८७१ मध्ये स्वीकारली. तिची यंत्रणा स्वित्झर्लंडमधील अभियंते फ्रीडरिख फॉन मार्टिनी यांची होती. अमेरिकेतील हेन्री पीबडी यांच्या रचनेत सुधारणा करून त्यांनी ती तयार केली होती. नळीतील सात बाजूंचे आटे एडिंबरोचे बंदूककार अलेक्झांडर हेन्री यांचे होते. चापाखालील तरफ खाली ओढली की नळीमागचा ठोकळा झुकतो, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे भरता येते.

पूर्ण लांबीची रायफल घोडेस्वाराला अडचणीची होती. त्यामुळे १८७७ मध्ये घोडदळासाठी व त्यानंतर १८७९ मध्ये तोफखान्यासाठी कार्बाइन मंजूर झाली. रायफलची लांबी सुमारे १२५ सें.मी., तर घोडदळाच्या कार्बाइनची सुमारे ९६ सें.मी. होती. हलक्या बंदुकीचा धक्का सुसह्य व्हावा म्हणून काडतूसही सौम्य केले गेले. रायफलच्या काडतुसात ८५ ग्रेन दारू व ४८० ग्रेन वजनाची गोळी असे, तर कार्बाइनच्या काडतुसात ७० ग्रेन दारू व ४१० ग्रेनची गोळी असे.

प्रकार ओळखणे

तोफखान्याच्या कार्बाइनला संगीन बसवण्याची सोय असते. घोडदळाच्या कार्बाइनला ती नसते. केवळ आखूड लांबीवरून मात्र निष्कर्ष काढता येत नाही, कारण पुढील काळात अनेक रायफलींच्या नळ्या कापून त्यांना कार्बाइनचे रूप देण्यात आले. लांबी, माशीची जागा, दस्त्याचा आकार आणि रिसीव्हरवरील अक्षरे परस्परांशी जुळतात का, हे पाहावे लागते.

रिसीव्हरवरील खुणा

नळीमागच्या पोलादी पेटीला रिसीव्हर म्हणतात. तिच्या उजव्या बाजूस प्रमुख खुणा असतात. सर्वांत वर राजमुकुट व त्याखाली ‘व्ही.आर.’ ही अक्षरे येतात. ‘व्हिक्टोरिया रेजिना’, म्हणजे राणी व्हिक्टोरिया, या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे होत. त्याखाली कारखान्याचे नाव, वर्ष आणि प्रकार येतो. ‘एन्फील्ड’ हे नाव सरकारी कारखान्याचे आहे. ‘एल.एस.ए. कं.’ ही लंडन स्मॉल आर्म्स कंपनीची खूण आहे. ‘बी.एस.ए. अँड एम. कं.’ ही बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स अँड मेटल कंपनीची होय. घोडदळाच्या पहिल्या कार्बाइनवर ‘आय.सी. १’ व तोफखान्याच्या कार्बाइनवर ‘ए.सी. १’ अशी अक्षरे आढळतात.

मुकुट व ‘व्ही.आर.’ नसून केवळ कंपनीचे नाव व नागरी चाचणीगृहाची खूण असेल, तर ती बंदूक खाजगी विक्रीसाठी बनवलेली असण्याचा संभव अधिक असतो.

काही बंदुकांच्या डाव्या बाजूसही नाव व वर्ष दिसते. १८९५ पासून अनेक मार्टिनी-हेन्री बंदुकांना ०.३०३ इंच व्यासाची नवी नळी बसवून त्यांचे ‘मार्टिनी-एन्फील्ड’ मध्ये रूपांतर करण्यात आले. अशा वेळी उजवीकडील मजकूर मूळ निर्मितीचा व डावीकडील रूपांतराचा असतो. दोन वर्षे दिसली म्हणून बंदूक बनावट ठरत नाही.

मालकी व तुकडीच्या खुणा

बाणाच्या टोकासारखी तीन रेषांची खूण सरकारी मालमत्ता दर्शवते. तिच्यासोबत ‘डब्ल्यू.डी.’ असल्यास ब्रिटिश युद्ध खात्याची मालकी समजते. बाणाखाली ‘आय’ हे अक्षर असल्यास बंदूक भारत सरकारच्या मालकीची होती. दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असतील, तर ती सेवेतून काढून विकली गेली असा अर्थ होतो. मुकुटाखालील छोटे अक्षर व आकडा ही तपासनिसाची खूण असते.

दस्त्याच्या मागील धातूच्या पट्टीवर पलटणीचे संक्षिप्त नाव व बंदुकीचा क्रमांक आढळू शकतो. ‘एच’ म्हणजे हुसार, ‘एल’ म्हणजे लान्सर, ‘डी.जी.’ म्हणजे ड्रॅगून गार्ड्स. हा क्रमांक तुकडीने दिलेला असतो, कारखान्याने नव्हे. त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून निर्मितीची नोंद शोधण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरतो.

खैबर भागातील नकला

पेशावरजवळील दर्रा आदमखेल आणि सरहद्दीवरील इतर गावांतील कारागिरांनी या बंदुकांच्या हुबेहूब नकला हाताने बनवल्या. इंग्रजी लिपी न जाणणाऱ्या कारागिराने ठोकलेल्या मजकुरात ‘एन’ हे अक्षर उलटे येते, ओळी वाकड्या होतात, अक्षरांची खोली असमान असते. ‘व्ही.आर.’ सोबत १९०१ नंतरचे वर्ष असेल, तर ते निर्णायक ठरते, कारण राणी व्हिक्टोरियाचे निधन २२ जानेवारी १९०१ रोजी झाले. मात्र खऱ्या बंदुकीचे सुटे भाग वापरून जुळवलेल्या नकलाही मिळतात, म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासावा लागतो. या नकला ब्रिटिश शस्त्रे नसल्या, तरी सरहद्दीच्या इतिहासाचे त्या अस्सल अवशेष आहेत.

देवनागरी खुणा

काही मार्टिनी धर्तीच्या बंदुकांवर देवनागरी अक्षरे व अंक असतात. त्या बहुधा नेपाळच्या सैन्यातील असतात. नेपाळमध्ये बनलेली गहेंद्र रायफल बाहेरून मार्टिनी-हेन्रीसारखी दिसते, परंतु तिची आतील यंत्रणा वेगळी आहे. अशा बंदुकीवरील वर्ष विक्रम संवतातील असू शकते. तसे असल्यास त्यातून ५६ किंवा ५७ वजा केल्यावर इसवी सन मिळतो.

कथा आणि पुरावा

विक्रीच्या वेळी अनेक कार्बाइनींना १८७९ च्या झुलू युद्धाशी जोडले जाते. रिसीव्हरवर १८७८ हे वर्ष असले, तर ती बंदूक त्या युद्धाआधी बनली इतकेच कळते, ती तेथे होती असे नाही. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडल्वाना येथे लढलेल्या २४ व्या पायदळ पलटणीकडे लांब रायफली होत्या. तेथील नाताल कार्बिनियर्स या घोडेस्वारांकडे स्विनबर्न-हेन्री ही दिसायला सारखी, पण वेगळ्या यंत्रणेची कार्बाइन होती. युद्धाशी नाते सांगायचे झाल्यास निर्मितीचे वर्ष, पलटणीची खूण आणि त्या पलटणीला शस्त्र दिल्याची कागदोपत्री नोंद, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. अशा नोंदींसाठी लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील युद्ध खात्याची कागदपत्रे आणि ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर उपयुक्त आहे.

जतन व कायदा

तपासणीपूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडून करून घेणे आवश्यक असते. गंज काढण्यासाठी सँडपेपर वा पॉलिशचे चाक वापरल्यास उथळ खुणा कायमच्या पुसल्या जातात. खुणा अस्पष्ट असतील तर बाजूने तिरपा प्रकाश टाकून छायाचित्र घेतल्यास त्या वाचता येतात. दस्त्याच्या लाकडावरील कारखान्याचा गोल शिक्काही वार्निशखाली दडलेला असू शकतो.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम ४५ नुसार दुरुस्ती करूनही वापरता न येणाऱ्या जुन्या धाटणीच्या शस्त्रांना सूट आहे. चालू स्थितीतील बंदूक केवळ जुनी आहे म्हणून परवान्यातून मुक्त होत नाही.